मुजावर सरांचे ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’

टायपिंगच्या क्लासात शिकवणाऱ्या बाईकडं किस्से असतील, असं कुणाला वाटत नाही. दिवसभर खडखड, दर ओळीच्या शेवटी टिंग, आणि बोटांना शाई. त्यात कसले आलेत किस्से! पण मी कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका माडीवर अकरा वर्षं टायपिंग शिकवलं, आणि आता चार मैत्रिणी जमल्या की मला गप्प बसवावं लागतं. एक किस्सा सांगून होतोय तोवर दुसरा जिन्यात येऊन उभाच असतो. गंमत म्हणजे हे सगळे किस्से इंग्रजीतल्या तीन टीचभर शब्दांवरचे आहेत. ए, ॲन आणि द!

त्याला कारण आमचे मुजावर सर. हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झाले, घरी करमेना, म्हणून त्यांनी ही इन्स्टिट्यूट काढली. बारा मशीनं, एक पंखा आणि मी. सकाळ-संध्याकाळ सरकारी परीक्षेची मुलंमुली शिकायला यायची. दुपारी गावातली माणसं अर्ज आणि पत्रं टाइप करून घ्यायला यायची. सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट. इंग्रजी पत्र म्हटलं की तेव्हा लोक शर्टाची वरची बटणं लावून माडी चढायचे!

सर स्पेलिंगची चूक माफ करायचे. पानाचा समास वाकडा गेला तरी काही बोलायचे नाहीत. पण ‘ए’च्या जागी ‘द’ पडला, की चष्मा कपाळावर!

“सुमन, हे पान परत.”

माझी किती पानं परत आली, त्याला गणतीच नाही.

*

नव्या बॅचला पहिल्या दिवशी सर आर्टिकल शिकवायचे. टायपिंगच्या क्लासात! मुलं बिचारी ‘ए एस डी एफ’ घोटायला आलेली असायची.

“जगात जी वस्तू एकच आहे, तिला द,” सर सांगत होते. “द सन. द मून.”

शिवाजी पेठेतला एक पैलवानी बांध्याचा विद्यार्थी उभा राहिला. “सर, रंकाळा पण एकच हाय की. मग द रंकाळा?”

“नाही. तळ्याच्या नावाला काही लागत नाही. नुसतं रंकाळा.”

“आणि पंचगंगा?”

“नदीला लागतं. द पंचगंगा.”

क्लासात कुजबुज सुरू झाली. रंकाळ्याला काही नाही म्हणजे काय! कोल्हापूरच्या माणसाला हे लागलंच.

“ही काय पद्धत झाली, सर? समदं गाव संध्याकाळचं रंकाळ्यावर बसतंय, आन् द मातूर पंचगंगेला?”

सर शांतपणे म्हणाले, “सोपं आहे. जे वाहतं, त्याला द. जे थांबलंय, त्याला नाही.”

“मग आमच्या गल्लीतल्या गटारीला पण लावा की! बारा महिने वाहतीया!”

सर मागं रेलून इतके हसले, की कपाळावरचा चष्मा घसरून आपोआप नाकावर आला.

*

हुपरीचे दोन भाऊ होते. थोरले शामराव, धाकटे गणपतराव. दोघांचं चांदीच्या पैंजणांचं काम, पण नुकतेच वेगळे झालेले. शामराव आधी आले. त्यांना लेटरहेडचा मजकूर इंग्रजीत करून हवा होता.

“आन् सगळ्यात म्होरं ते ‘द’ पायजे,” ते म्हणाले. “मोठ्या लोकांच्या पाटीवर असतंय तसं.”

सरांनी विचारलं, “तुमच्यासारखं पैंजण हुपरीत दुसरं कोण करतं?”

“कोन करतंय! एक नाव सांगा.”

“मग तुम्हाला द शोभतो. घ्या!”

महिन्याभरानं गणपतराव जिना चढून आले. “दादाला काय लावलंय, तेच मलाबी लावा.”

“अहो, द म्हणजे एकमेव. एका गावात, एकाच घरात दोन एकमेव कसे चालतील?”

“मग मला काय?”

“तुम्ही ए लावा.”

गणपतराव ताडकन उभे राहिले. “ए? थोरल्याला द आन् मला ए? सर, माझ्या सासऱ्यानंसुदीक मला कदी ‘ए’ म्हणून हाक मारली न्हाय! तुमी तर छापूनच देताय व्हय!”

सरांनी परोपरीनं समजावलं, की हा तो ‘ए’ नव्हे. पण माणूस पेटला होता. शेवटी सरांना एकदम आठवलं, की गणपतरावांनी नव्या कारखान्याचं नाव अंबिका ठेवलंय. म्हणजे स्वर! सर म्हणाले, “तुम्हाला ॲन लागतो.”

“त्यो कसला असतोय?”

“दोन अक्षरी असतो.”

“आन् दादाचा?”

“तीन अक्षरी.”

गणपतरावांनी बोटांवर हिशेब केला आणि खाली बसले. “चालतंय मग. थोरला हाय त्यो. एक अक्षर त्येला जादा असू द्या.”

*

आर्टिकल मराठीतही आहेत, असं सरांचं म्हणणं. फक्त आपण त्यांना नाव दिलेलं नाही. कागलहून एक लग्न झालेला कारकून बढतीच्या परीक्षेसाठी टायपिंगला यायचा, जाधव नावाचा. त्याला काही केल्या फरक कळेना. सर म्हणाले, “हे बघा जाधव, घरी जाऊन म्हणा, ‘आज एसटीत एक बाई भेटल्या होत्या.’ हा झाला ए. दुसऱ्या दिवशी म्हणा, ‘आज त्या बाई भेटल्या होत्या.’ हा झाला द. बायकोचा चेहरा बघा. जन्मात विसरणार नाही.”

तिसऱ्या दिवशी जाधव आला तो डब्याशिवाय.

“काय जाधव, समजला का फरक?”

“लई बेस समजला, सर. पयल्या दिवशी म्हनालो ‘एक बाई’, तर बायको म्हनाली, ‘कोन?’ काल म्हनालो ‘त्या बाई’, तर म्हनाली, ‘परत?’”

*

सरांच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. दुपारी त्या चहाची किटली घेऊन यायच्या. एकदा बंगळूरहून सरांचे कुणी जुने ओळखीचे आले होते. सगळं बोलणं इंग्रजीत. भाभी आत आल्या तशी सरांनी ओळख करून दिली, “माय वाइफ.”

पाहुणे गेले. भाभींनी कप गोळा करताकरता मला विचारलं, “सुमन, सरांनी मला ए लावला का द?”

मी म्हटलं, “भाभी, ‘माय’ असलं की दोन्हीतलं काही लागत नाही.”

“बघ!” भाभी म्हणाल्या. “अख्ख्या कोल्हापूरला वाटत बसतात. घरच्या माणसाची वेळ आली, तर एक पण नाही निघाला!”

*

कोडोलीच्या पलीकडच्या एका छोट्या वाडीतून बाळासाहेब नावाचा तरुण यायचा. नुकताच बी.ए. झालेला. पहाटेची एसटी धरून यायचा, आणि मशीनवर असा तुटून पडायचा की रिबन आठवड्यात भोकं भोकं. त्यानं नोकरीचा पहिला अर्ज स्वतः लिहून आणला. पहिलंच वाक्य होतं, ‘आय ॲम द ग्रॅज्युएट ऑफ माय व्हिलेज.’

सरांचा चष्मा वर गेला. “बाळासाहेब, ए ग्रॅज्युएट. द म्हणजे अख्ख्या गावात तुम्ही एकटेच.”

“एकटाच हाय की, सर.”

“काय म्हणता?”

“वाडीत मॅट्रिक तीन हाईत. ग्रॅज्युएट मी एकटाच. ग्रामपंचायतीचा दाखला आणू?”

सरांनी चष्मा परत नाकावर उतरवला. मग त्यांनी त्या ‘द’ला हातसुद्धा लावला नाही. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हा द कमावून आणला.”

बाळासाहेबाला ती नोकरी मिळाली नाही. दुसरीही नाही. अर्जावर अर्ज चालले होते. सगळ्यांत पहिलं वाक्य तेच. मी म्हणायची, आता काहीतरी दुसरं लिही. तो म्हणायचा, “सरांनी पास केलंय, बाई.”

जूनमध्ये एक दिवस तो आला तो तोंड पाडून. मला वाटलं, आणखी एक नकार आला.

“काय झालं, बाळासाहेब?”

“चुलतभावाचा निकाल लागला, सर. बी.ए. झाला. सेकंड क्लास.” त्यानं खिशातून अर्जाची घडी काढून सरांपुढं ठेवली. “आता ए करावं लागंल.”

सरांनी तो ‘ए’ स्वतःच्या हातानं केला. आणि तुम्हाला सांगते, त्याच अर्जावर बाळासाहेबाला इंटरव्ह्यूला बोलावणं आलं आणि नोकरी लागली! सर पुढं कितीतरी दिवस त्या अर्जाची प्रत हातात घेऊन बसायचे. “कसं काय बुवा?” म्हणायचे.

*

सर एकदाच हरले, तेही एका सरकारी कचेरीत.

कदम गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत शिकवत बाहेरून एम.ए. झाले होते. त्यांनी हेडमास्तरच्या जागेसाठी अर्ज केला. त्यात सरांनी ‘आय ॲम ॲन एम.ए.’ असं लिहून दिलं. अर्ज परत आला. ‘ॲन’खाली लाल रेघ, आणि शेरा होता, की ‘एम’ हे व्यंजन आहे, सबब ‘ए’ हवा.

सर उठलेच. बगलेत व्याकरणाचं पुस्तक, मागं कदम गुरुजी, त्यांच्या मागं मी. हेडक्लार्कच्या टेबलासमोर सर उभे राहिले.

“अक्षर बघायचं नसतं, आवाज बघायचा असतो,” सर म्हणाले. “मराठीत लिहून बघा. ‘एम’ लिहिताना पहिलं काय येतं?”

हेडक्लार्कनं खरंच ब्लॉटिंग पेपरवर लिहून बघितलं. “ए येतोय की!”

“स्वर की व्यंजन?”

“स्वर.”

“मग?”

हेडक्लार्कनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “सर, मला पटलं. शंभर टक्के पटलं. पन ही लाल रेघ माझी न्हवं, सायबांची हाय. आन् ह्ये सायबांना पटवायला गेलो, तर माझी बदली गगनबावड्याला!”

परतीच्या वाटेवर सर पुस्तक बगलेत धरून झपझप पुढं चालत होते. गुरुजी घाबरून गेले होते. म्हणत होते, “सर, माझं पोट त्यावर आहे. एक ए टाका आणि मोकळे व्हा की.”

सरांनी माडीवर येऊन नवा अर्ज मला सांगितला. ‘आय हॅव पास्ड एम.ए.’ ना ए, ना ॲन! गुरुजी हेडमास्तर झाले, साहेबांची रेघ राहिली, आणि सरांनी ‘ए’ काही दिला नाही तो नाहीच.

*

आता शेवटचा सांगते, मग उठू.

शाहूपुरीत गुळाचा व्यापार करणारे चौगुले अण्णा आमचे नेहमीचे. जैन घर, माणूस सरळ, बोलणं मोठ्यानं. त्यांची मुलगी पद्मा आमच्याकडं शिकत होती. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेली, पन्नासची दोन महिन्यांवर आलेली. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्यांत इतका स्वच्छ हात मी दुसरा बघितला नाही. पानावर खोडाखोड म्हणून नसायची.

हुबळीच्या एका घरातून तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा बंगळूरला चांगल्या नोकरीत. एका दिवसात त्या लोकांनी कोल्हापुरात दोन मुली बघितल्या. सकाळी लक्ष्मीपुरीतली एक, आणि दुपारी आमची पद्मा. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, “काय बोलला गं मुलगा?”

“काही नाही. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.”

“आणि तुला कसा वाटला?”

“कॅलेंडर वाचणाऱ्यासारखा,” पद्मा म्हणाली, आणि तिनं मशीनला नवा कागद लावला.

आठ दिवसांनी अण्णा धापा टाकत जिना चढून आले. हातात पत्र. मुलाच्या वडिलांना मराठी वाचता येत नव्हतं, अण्णांना कन्नड बोलता यायचं पण वाचता येत नव्हतं. म्हणून पत्र इंग्रजीत.

सर मोठ्यानं वाचायला लागले. “वुई आर हॅपी टु इन्फॉर्म यू दॅट अवर सन हॅज लाइक्ड ए गर्ल इन कोल्हापूर.”

“म्हंजे मुलगी पसंत!” अण्णा ओरडले. “सुमनबाई, पेढे सांगा!”

“थांबा, अण्णा.” सरांचा चष्मा कपाळावर गेला होता. “ए गर्ल म्हणतायत.”

“मग?”

“म्हणजे कोल्हापुरातली एक मुलगी पसंत आहे. कुठली, ते लिहिलेलं नाही.”

“अहो, पत्र मला घातलंय की!”

“असंच पत्र लक्ष्मीपुरीतही गेलं असेल. दोन्हीकडं एकच मजकूर पाठवतात पुष्कळ लोक.”

अण्णा मटकन स्टुलावर बसले. मग त्यांनी पत्रावर बोट ठेवलं. “ही बघा, सर, खाली ‘द गर्ल’ हाय! द गर्ल इज सिंपल. आमची पद्मा साधीच हाय की!”

“एकदा ए म्हणून ओळख करून दिली, की पुढं तिलाच द म्हणतात. ही खालची म्हणजे ती वरचीच.”

“आणि वरची कोण?”

“तेच तर कळत नाही.”

हसायला येत होतं, पण अण्णांकडं बघून हसू थांबलं. याआधीची दोन स्थळं फिसकटलेली. पद्माच्या आईनं आठ दिवस पोस्टमनची वाट बघण्यात घालवले होते. “घरी जाऊन काय सांगू, सर?” अण्णा अगदी हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

कोपऱ्यातल्या मशीनवर पद्मा बसली होती. ती माझ्याकडं वळून म्हणाली, “सुमनताई, त्याला तरी आठवतंय का, दोघींतली कुठली ते?”

सरांनी ठरवलं, की सरळ विचारायचं. मी कागद घ्यायला लागले, तर अण्णा म्हणाले, “पद्मालाच टाइप करू दे. पोरीच्या हातचं काम तिकडं दिसंल तरी.”

सर सांगत गेले, पद्मा टाइप करत गेली. नमस्कार, क्षेमकुशल, आपली पसंती कुठल्या मुलीला आहे ते कृपया स्पष्ट कळवावं. मग शेवटचं वाक्य. “ॲज फॉर अस, वुई हॅव लाइक्ड द बॉय.” म्हणजे आमच्याकडून म्हणाल, तर तुमचा मुलगा आम्हाला पसंत आहे. सरांनी मुद्दाम आवाज चढवला. “द बॉय, पद्मा. द! त्यांच्यासारखा घोळ आपण नको करायला.”

“हो, सर.”

पान सरांकडं गेलं. सर प्रत्येक पत्र शब्दाखाली बोट ठेवून वाचायचे. बोट शेवटच्या ओळीपर्यंत आलं आणि थांबलं. मी समोरच उभी होते. सरांनी चष्म्यावरून पद्माकडं बघितलं. ती मांडीवर हात ठेवून कीबोर्डकडं बघत बसली होती. बोट बराच वेळ तिथंच होतं. मला वाटलं, एखादं अक्षर फुटलं असेल. आता पान परत येणार.

“सर, झकास झालंय न्हवं?” अण्णांनी विचारलं.

सरांनी कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली, आणि डिंक स्वतः लावला.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. अण्णांनी ते कुठंतरी वाटेतच वाचून घेतलं असावं, कारण जिना चढताना त्यांच्या पायांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. सरांनी पत्र वाचून दाखवलं. मुलाला पसंत पडलेली मुलगी म्हणजे तुमचीच कन्या. पण तुम्ही लिहिता, की तुम्ही एक मुलगा पसंत केला आहे. तिचं लग्न दुसरीकडं जमलं, हे वाचून आनंद वाटला. आमचे आशीर्वाद. आम्हीही आता अन्यत्र बघत आहोत.

“कुठला मुलगा?” अण्णा सरांकडं बघत राहिले. “आमी कवा कुठला मुलगा पसंत केला?”

मी फाइलमधून आमच्या पत्राची प्रत काढली. शेवटची ओळ स्वच्छ, काळीभोर उमटलेली होती. ‘वुई हॅव लाइक्ड ए बॉय.’

अण्णांनी कोपऱ्याकडं मान वळवली. पद्माचं मशीन चालूच होतं, पन्नासच्या स्पीडनं, एकदाही न अडखळता. मग ते सरांकडं वळले.

“सर, तुमी एवढं कडक. बोट ठेवून वाचलंत की माझ्यासमोर. एवढी मोठी चूक तुमास्नी दिसली न्हाय?”

सरांनी प्रत हातात घेतली. त्या ओळीखाली पुन्हा बोट ठेवून, एकेक शब्द सावकाश वाचला. मग चष्मा काढून रुमालानं पुसला.

“अण्णा,” सर म्हणाले, “चूक कुठं आहे? व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य अगदी बरोबर आहे.”